वक्त्याने अध्यक्षांकडे पाहून बोलावे

मार्चचा पहिला मंगळवार. शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या जाळीखाली माझं टेबल,
टेबलावर मेपलच्या लाकडाचा हातोडा.
माझ्याआधी चाळीस वर्षं तो एल्मर विथरेलकडे होता.
एल्मर गेल्यावर त्याच्या बायकोने आणून दिला,
फडक्यात गुंडाळून,
भट्टीतून नुकत्याच काढलेल्या पावासारखा.

दारात बुटांचा चिखल. मागे स्वयंपाकघरात
कुणीतरी राजम्याचं सूप ढवळतंय.
एकशे एकोणसत्तर मतदार, लोखंडी खुर्च्या,
आणि व्हरमाँटच्या या डोंगरात सगळ्यांना पाठ असलेला नियम:
एकमेकांशी बोलायचं नाही. माझ्याशी बोलायचं.
राग माझ्यातून गाळून जातो,
पलीकडे पोचेपर्यंत त्याचं मत झालेलं असतं.
बावीस वर्षं मी ही गाळणी आहे.
अभिमान होता मला तिचा.

रस्त्यावरचं मीठ, संमत.
बर्फ काढायच्या नव्या ट्रकवर तासभर:
दोघा सख्ख्या भावांनी एकमेकांना 'आधीचे वक्ते' म्हणत
उभं सोललं,
मग एकाच बाकावर बसून सूप प्यायले.
असं असतं. असं असावं.

मग कलम एकवीस.
चर्चच्या तळघरातला रात्रनिवारा, वर्षाला नऊ हजार डॉलर.
वॉरेन स्टिकनी उठले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागद.
'अध्यक्ष महोदया, परवानगी असावी.'
होती.
झोपायला येणारे चौदा. माणशी खर्च इतका.
त्यातले पुन्हा पायावर उभे राहिले, दोन.
'आकस कुणाविषयीच नाही,' ते म्हणाले,
'पण दर हिवाळ्यात थोडी घट
गावाने गृहीत धरावी.'
आवाज एवढा मऊ
की मागच्या रांगेने कान पुढे केले.

मी मनातल्या मनात नियमांची पानं उलटली.
शिवी नाही. कुणाचं नाव नाही. हेतूवर आरोप नाही.
विषयाला धरून, दोन मिनिटांच्या आत.
केसाने गळा कापला
तर हातोडा आपटायचा कुठे?

डेल्फीन गॅन्याँ उठली, हात वर न करता.
जानेवारीत तिचा भाऊ सापडला,
पेंडीच्या दुकानामागे, स्वतःच्या गाडीत.
त्या रात्री तळघर भरलेलं होतं.
गावात कुणाला ठाऊक नाही?
फक्त कागदावर तो नव्हता.

ती माझ्याकडे पाहून बोलली नाही.
सरळ वॉरेनकडे वळली आणि म्हणाली
एक शब्द. चार अक्षरी.
इतिवृत्तात तो नाही, इथेही लिहीत नाही.

माझा हात उठला. मी उचलला असं म्हणवत नाही,
बावीस वर्षं शिकलेला हात.
टक्.
'वक्त्या नियमाबाहेर आहेत.'
तिने तोच शब्द पुन्हा उच्चारला, जरा हळू,
जणू मला स्पेलिंग हवं होतं.
टक्.
कॉन्स्टेबल खुर्चीतून निम्मा उठला, त्याआधीच ती गेली,
कोट विसरून.
लाल कोट, मतदान संपेपर्यंत खुर्चीवर बसलेला.
अठ्ठ्याऐंशी विरुद्ध ऐंशी. निवारा बंद.
कोटाला मत नव्हतं.

सूप घेताना वॉरेन शेजारी आले.
'छान हाताळलीत सभा.'
'आभारी आहे,' मी म्हणाले.
हेही नियमात बसणारं.

संध्याकाळी कोट घेऊन निघाले.
गाडी दोनदा चिखलात रुतली.
वाटभर वाक्यं जुळवत होते,
सगळी 'माननीय'पाशी सुरू होत होती.
डेल्फीनने दार उघडलं. कोट घेतला. खिसे चाचपले,
जणू मी त्यातूनही काही वगळलं असेल.
मी तिच्या खांद्यावरून आतल्या दिव्याकडे बघत
सुरुवात केली,
'झालं ते...'

'इथे टेबल नाहीये,' ती म्हणाली.
'माझ्याकडे बघून बोल.'

मी बघितलं.
आणि आधी, मूर्खासारखा,
माझाच हात वर गेला,
परवानगी मागायला.