तीनशे बारावी भरती

आगरवाड्याला माझा बाप मानशीचं दार बघतो,
मी पणजीजवळच्या प्रयोगशाळेत आकडे.
दोघांच्या वहीत शब्द एकच आहे: भरती.
त्याची चंद्राच्या हिशोबाने,
माझी दर दोन तासांनी.

नखाएवढा सेल.
आत करवंटी जाळून केलेला कोळसा
आणि मिठातून सोडवून आणलेला सोडियम.
तो कोळशाच्या सांदीकोपऱ्यात शिरतो, बसतो,
बोलावलं की निघतो,
आणि त्याच्या येण्याजाण्यावर
बाहेर एक दिवा लागतो.
लिथियमपेक्षा अंगाने जड, चालीने सुस्त.
आमच्यातलाच म्हणायचा.

"मीठ आनी नाल्ल," आई म्हणाली,
"हुमणाक फकत नुस्तें उणें."

मार्चमध्ये एक सेल घरी नेला.
बापाने मिठाने चिरलेल्या तळहातावर तोलला.
"हातूंत म्हजें मीठ कितलें?"
चिमूटभर, मी म्हटलं.
मग त्याच्या वर्षाच्या पोत्यांचा गुणाकार
वीजबिलाच्या पाठीवर केला.
उत्तर एवढं मोठं आलं
की पुन्हा करून पाहिला.
त्याने आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"पोत्याचो दर कितलो दितले?"

मी पाणी प्यायला उठले.
खरं म्हणजे त्यात त्याचं मीठ नव्हतंच.
त्याच्या मिठात मॅग्नेशियम फार, गाळ फार,
खाडीवरच्या होड्यांचं तेल थोडं.
आमचं येतं सीलबंद बाटलीतून,
पांढरं, कुणाच्याही टाचा न चिरलेलं.

त्यानंतरचे सगळे शनिवार
मी त्याचं एक पोतं धूत होते.
विरघळव, गाळ, तापव, पुन्हा विरघळव.
ऑर्लांदो किल्ल्या वाजवत दारात उभा राहायचा:
"बाय, बाटली शंभर पटीनं स्वस्त पडता."
माहीत होतं.

बाटलीतले सेल हजाराच्या पुढे गेले,
अजून दमलेले नाहीत.
बापाच्या मिठाचा सेल
तीनशे बाराव्या भरतीला बसला.
आलेखाची रेघ सरळ चालत होती,
आणि मग बांध फुटावा तशी खाली.

हे मात्र मी त्याला सांगितलं. बाटलीचंसुद्धा.
तो फळीने कप्प्यातलं पाणी सारखं करत होता,
वर आलेला थर काळपट, मातकट.
"पयलें मीठ अशेंच येता," म्हणाला,
"तें माडांक घालतात."

खाडीचं पाणी उलटं वळायला लागलं होतं.
फळी बांधावर टाकून
तो मानशीकडे चालू लागला.
मी खिशातला सेल काढला,
कोपऱ्यावरच्या माडाच्या आळ्यात पुरावा असं वाटलं,
पण आत विषारी द्रव असतो.
परत खिशात ठेवला.