पत्ता क्रमांक दोनशे बारा

जेकार्डचे पत्ते आता रद्दीवालाही घेत नाही.
भोकं पडलेल्या पुठ्ठ्याला भाव कसला?
मालकांनी नवं मशीन आणलं, त्यात मोर
पेनड्राइव्हवर बसून येतो.
माझं पंचिंगचं टेबल गेलं.
पत्ते मात्र मी घरी आणले, सायकलवरून, चार खेपांत.
अक्का म्हणाली, कुठं ठेवणार हे, माझ्या डोक्यावर?

तर मी विमानं करतो.
आजची नव्हेत. होटगी रोडवर उतरतं तसलं
पोरांनी पाहिलंय, त्यात त्यांना गंमत नाही.
ही दोन हजार एकशे दहा सालची:
शेपूट नसलेली, पोट हाच पंख असलेली,
एकाच्या तर मधोमध नळी आहे,
पुढून शिरलेला वारा
मागून ढकलेल, असं मला वाटतं.

नियम माझे मीच केलेत.
एका पत्त्यात एक विमान. घड्या पाच. कात्री दोनदाच.
चिंचोक्याची खळ फक्त नाकाला,
तीही वजन म्हणून.
आमच्या घरी घडीला मडत म्हणतात,
आणि मडत घालताना पुठ्ठा कुरकुरला
तर चूक पुठ्ठ्याची नसते.

पंख सापडत नव्हता.
सव्वीस विमानं नाक खुपसून मेली.
मग अक्काच्या सुपात दिसला
विडीचं पान कापायचा तिचा पत्र्याचा फर्मा,
तीस वर्षं, रोज हजार पानं,
कड झिजून किंचित बाकदार झालेली.
पुठ्ठ्यावर ठेवला, पेन्सिल फिरवली.
सत्ताविसावं गच्चीवरून निघालं
ते बोल्लींच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं.
अक्काला सांगितलं नाही.
फर्मा पुसून होता तिथं ठेवला.

सोपं म्हणजे काय
ते भिवंडीतल्या राजेशमनं शिकवलं, धाकट्या भावानं.
फोनवर मी सांगत होतो, लांब बाजू तुझ्याकडं घे,
आता कोपरा मधल्या रेघेवर,
त्याच्यामागं मागांचा खडखडाट,
काय? कुठला कोपरा?
चौथ्या घडीला तो हरवला.
म्हणजे घडी चुकली होती, तो नव्हे.
मी ती काढूनच टाकली. आता घड्या चार.
त्यानं पगाराच्या रिकाम्या पाकिटाचं केलं.
उडालं, म्हणाला.
कुठवर ते बोलला नाही.

शेजारची स्रवंती, वय नऊ, खिडक्या मोजते.
काका, पंखाला एवढी भोकं कशाला?
मी म्हणतो, हा पत्ता दोनशे बारा,
मोराच्या गळ्याची एक ओळ आहे यात.
नंबरानं एकामागं एक सगळी सोडली
तर आभाळात अख्खा मोर विणला जाईल.
ती म्हणते, तोवर पहिलं खाली पडेल ना.
आणि पायलट कुठं बसतो?

याचं उत्तर अजून डिझाईनमध्ये नाही.

काल दोनशे बारा सोडलं.
वाऱ्यानं ते मध्येच वळलं
आणि गुर्रम यांच्या कारखान्याच्या छपरावर उतरलं.
खाली चोवीस माग चालू.
पत्रा थरथरतो, आणि विमान
बोटभर थांबतं, बोटभर सरकतं.
अक्का मांडीवरचं सूप बाजूला ठेवून वर आली,
पदरावरचा तंबाखू झटकत बघत राहिली.
एटु पोतदि? म्हणाली.
कुठं निघालंय हे?

सहाला लाईट गेली.
माग थांबले. विमान थांबलं,
कडेपासून वीतभर आत.
आम्ही तिघं कठड्याला टेकून.
काठी आणायला कुणी गेलं नाही.