किमान एक तास

बोरटोल्यात पोचलो तेव्हा सात वाजत होते
आणि अर्धं गाव कामाला लागून दमलंही होतं.
टॅबला हे मान्य नव्हतं.
टॅबला विचारायचं होतं:

गेल्या सात दिवसांत, कोणत्याही दिवशी,
किमान एक तास
आपण काही काम केलं का?

"मी त काईच नाई करत जी," फुलवंता उईके म्हणाली,
"घरीच रायतो."
म्हणता म्हणता तिने टोपली उपडी केली अंगणात,
मोहाची फुलं, ओली, पिवळट, जड वासाची.
तीनला उठून गेली होती ती,
अस्वलाच्या आधी झाडाखाली पोचायचं म्हणून.
मी बोट केलं, हे?
"हे? हे त मोह होय."
यादी खालपर्यंत सरकवली मी,
शेती, पशुपालन, किरकोळ विक्री, इतर.
अस्वलाच्या आधी
असा रकाना नव्हता.

रेखलाल कटरेचं सोपं होतं.
त्याला काम होतं, मस्टरवर, चौदा दिवसांचं,
पांदण रस्त्यावर मुरूम.
त्याच रस्त्यावर, जो मागच्या उन्हाळ्यात झाला होता
आणि श्रावणात बांधीत उतरला होता.
मजुरी?
"मायच्या खात्यात गेली म्हणते."
मग मायला विचारा की.
तो हसला. भिंतीवर हार घातलेला फोटो होता.
मी भरलं, रोजगारात.
हिरवी खूण आली.
फार सुबक असते ती हिरवी खूण.

तिलकचंद शहारे, बी.ए., बी.एड., वय चौतीस,
शाळेमागच्या मैदानावर सापडला, हातात स्टॉपवॉच.
भरतीचं वय टळून वर्ष झालं त्याचं,
आता पोरं धावतात, हा वेळ घेतो,
सोळाशे मीटर, वहीत नाव, मिनिटं, सेकंद,
चुकून कुणाचा अर्धा सेकंदही खात नाही.
फी?
"काहीच्या काही बोलता, साहेब."
कौशल्य केंद्रात तीन महिने एसी दुरुस्ती शिकलेला,
प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं.
गावात एसी किती?
"बँकेत एक आहे. पण तो बिघडतच नाही."

परत येताना फुलवंताने अडवलं, पाणी दिलं.
"तुमची पक्की का जी?"
काय?
"नोकरी."
अकरा महिन्यांची.
"कितवा चालू हाय?"
मी तांब्या तोंडाला लावला.
दहावा होता.

नेटवर्क फक्त मामा तलावाच्या पाळीवर येतं,
तिथे बसून सगळी घरं वर पाठवायला लागलो.
गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
नऊ टक्के, नऊ टक्के,
फुलवंता अडकलेली, रेखलाल अडकलेला,
खाली कमरेएवढ्या पाण्यात देवाजी नेवारे एकटा जाळं लावत होता.
"ओ साहेब, बसलेच आहा त दोर धरा थोडा.
पोरगा हैदराबादले गेला, मिरची तोडाले."

धरला.
दोर ओला होता आणि मला वाटला त्याच्या दुप्पट जड.
"सैल सोडा… आता नोका सोडू… नोका म्हणलं ना!"
पायाखाली गाळ, खिशात टॅब,
तळहाताला कातडीची एक बारीक सळ निघाली.
ऊन पळसाच्या शेंड्यावरून पाण्यात उतरलं
तेव्हा कुठे जाळं काठाला लागलं.
एक तास झाला असेल. थोडा जास्तच.

देवाजीने शिंगाडा वगळून एक चांगला मरळ निवडला,
पळसाच्या पानांत गुंडाळला, वेलीने बांधला,
"तुमचा वाटा."
मी नको म्हणालो. तो रागावला.
"फुकट राबवतो का मी कोनाले?"

पाळीवर टॅब उघडला, शंभर टक्के.
पुढचं कुटुंब निवडा, असं म्हणत होता.

गाडीच्या हँडलला पुडकं अडकवून निघालो.
पांदणीवर मुरूम नव्हता, नुसते ढीग होते,
प्रत्येक ढिगाला चुन्याने नंबर घातलेला.
सातव्या की आठव्या ढिगाजवळ
पुडक्यात मरळ हलला.
मी गाडी हळू केली.