बुडबुडे

मांगोचीच्या दवाखान्यात पहाटे तीनला
ब्वानाली बसलाय बाटलीसमोर.
हात कोपरापर्यंत तीनदा धुतले,
तरी नखांत सरोवराची मासळी.

पोर नऊशे ऐंशी ग्रॅमची.
जाळ्याला बांधतो तो दगडही याहून जड.
नाकात नळी, नळीचं दुसरं टोक पाण्यात,
आणि पाणी खदखदतंय, चुलीशिवाय.
‘हे थांबलं तर हाक मार,’
तियामिके सिस्टर सांगून गेली;
तिच्याकडे आज अशी अकरा.

बुडबुडे वाचायला त्याला कुणी शिकवायला नको.
खाली कोण आहे, किती खोल,
होडीतूनच कळतं.

चारला पाणी गप्प झालं.

सिस्टर धावत आली. नळी निसटली होती, एवढंच.
पोरीनं मान वळवली होती,
स्वतःहून.

पुन्हा खळखळ.
उजाडलं की तिच्या आईला
आधी हेच सांगायचं.