तियामिके

माझं नाव मावुतो. आमच्या बोलीत अर्थ, संकटं.
दुष्काळात जन्मलो, आईच्या अंगावर दूध नव्हतं,
नाव शोधत बसायला तिला सवड कुठली!
पुढे मला मुलगी झाली तेव्हा तीच म्हणाली,
"एका घरात एक संकट पुरे,"
आणि पोरीच्या कानाशी लागून हळूच नाव ठेवलं,
तियामिके.
म्हणजे : चला, उपकार मानू या.

यंदा शिरे नदी रात्रीची आली.
मका गेला, दोन्ही शेळ्या गेल्या,
देवळाचे पत्रे कुणाच्या शेतात जाऊन पडले देव जाणे.
घंटा तेवढी राहिली,
ट्रकच्या चाकाची रिम, आंब्याला तारेने टांगलेली.
पाणी ओसरलं, आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकून
कॉलरा आला.

शाळेच्या पटांगणात तंबू. खाटांना मधोमध भोक, खाली बादली.
क्लोरिनचा वास असा की भाकितसुद्धा करता येत नाही,
शब्द नाकाशीच अडतात.
तियामिके, वय वर्षं आठ.
हाताची कातडी चिमटीत धरून सोडली
तर तशीच उभी राहते, सरकत नाही.
नर्स चिमवेम्वे म्हणाली, "सुई लागलीय. हिला आता झोपू देऊ नका.
नावाने हाका मारत राहा."

मारल्या हाका.
तियामिके. (चला, उपकार मानू या.)
कशाचे? मी दातओठ खात विचारलं, आढ्याला नव्हे,
तंबूच्या कापडाला. कापड फडफडलं, एवढंच.
तियामिके. अगं ए, तियामिके.
मी शिव्या द्यायला तोंड उघडावं
आणि जिभेवर तेच नाव यावं.
आई, काय करून ठेवलंस हे!
माणसाला नीट रागावताही येऊ नये?

दहाव्या, विसाव्या हाकेला
तोंड आपोआप काही जोडू लागलं :
तियामिके, ही बाटली.
तियामिके, ही बाटली सायकलवर बांधून
चिखलातून अकरा मैल आणणारा पोऱ्या, ज्याचं नाव मी विचारलं नाही.
तियामिके, एका थेंबामागून येणारा दुसरा थेंब.
तियामिके, तुझ्या आईचं चितेंजे, तुझ्या पायांवर,
अजून तिच्याच घामाचा वास असलेलं.
ही प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही.
बुडणारा वेलीला धरतो
तेव्हा तो काही वेलीचं कौतुक करत नसतो.

पहाटेच्या आधी शेजारची खाट रिकामी झाली.
लिंबानी, पाच वर्षांचा.
त्याचे वडील चादरीची घडी घालत होते,
कोपऱ्याला कोपरा जुळवून, पुन्हा मोडून, पुन्हा जुळवून.
तेव्हा मी माझ्या मुलीचं नाव
मोठ्याने घेतलं नाही.
ओठ तिच्या कानाला टेकवून घेतलं.
ते वळले. म्हणाले,
"थांबू नका. मी ऐकतोय रात्रभर."

उजाडताना तियामिकेला लघवी झाली.
नर्स चिमवेम्वेने बादलीत पाहिलं
आणि एखादी राणी बाळंत झाल्यासारखी ओरडली.
मी पिवळं पाणी पाहिलं, आणि रडलो.
देवा, तुझ्या दारी कुणी कुणी काय काय आणलं असेल,
मी हे आणलंय.

रविवारी पिकाच्या उपकारस्तुतीची घंटा झाली, पीक नसताना.
पत्रे नसलेल्या देवळात ऊन सरळ वेदीवर पडलं होतं.
म्हाताऱ्या नाफिरीने वाहून आलेलं एक दार आणलं होतं,
"कुणाचं असेल त्याने न्यावं."
कुणी भोपळ्याचा पाला, कुणी अंडं.
लिंबानीच्या वडिलांनी ती चादर आणली, धुतलेली, तंबूसाठी.
माझ्या हातात काही नव्हतं.
पाळकांनी नाव विचारलं, दरवर्षी वहीत लिहितात तसं.
मी म्हणालो, "मावुतो."
आणि मागच्या बाकावरून, काडीसारख्या गळ्यातून,
कुणीतरी विचारल्यासारखी,
तिने आपलं नाव सांगितलं.