गाळा नंबर अठरा

सातपूरला माझं मशीन. मी गिअरचे दात कापतो.
भिंतीपलीकडे कुमुद तांबट पत्रा ठोकते.
तिच्या आज्याने हंडे घडवले, बापाने घंगाळं;
ही घडवते ते कशातच मोडत नाही.

"यात पाणी राहील का?"
"नाही."
"मग?"

तिने पिशवीतून दगड काढला,
सिन्नरकडच्या विहिरीच्या सुरुंगातला.
बाहेरून काळा ठिक्कर,
आत मूठभर पोकळी
आणि पोकळीला हिरवट काचेचे दात.

म्हणाली, लाव्हा थिजताना
एक बुडबुडा बाहेर पडायचा राहिला.
मग पाणी झिरपलं, क्षार घेऊन,
आणि कोणी बघायला नसताना
थरावर थर बसत गेला, कोपरे सांभाळत.
घाई नव्हती.

मी मायक्रॉनवर पोट भरणारा माणूस.
कोनमापक लावून पाहिला.
चारही बाजूंना सारखा.
त्या दिवशी माझे दोन गिअर रिजेक्ट झाले होते.

चार महिने ती त्या बुडबुड्याची
फक्त आतली बाजू ठोकत होती,
माणूस उभा मावेल एवढी.
बाहेरची तशीच सोडली,
हातोडीचे वळ, डागाच्या रेघा,
एक जोड माझ्या हातचा, जरा वाकडा.
घासू का, विचारलं. नको म्हणाली.

ट्रक आला.
हमाल विचारत होते, वरची बाजू कुठली?
ती विचारात पडली, खरंच.

तेवढ्यात तीनच्या पाळीचा भोंगा झाला
आणि तांबं त्याच सुरात लागलं.
भोंगा थांबला, तरी घुमत राहिलं.

हमालांनी हात काढून घेतले.