‘खरं’च्या पुढची अकरा सेकंदं

चाळीस वर्षं आवाज मोठा करायचा धंदा केलो.
अनगोळ नाक्यावर दुकान, बारा भोंगे, दोन जनरेटर.
पाटीवर कुठलं अक्षर वर लावायचं
यावरून दगड पडले त्या साली
दोन्ही मोर्चांना भोंगे माझेच होते.
भाडं दोघांनीही बुडवलं.

आणि ही कंग्राळकरबाई विचारते,
मामा, बारीक आवाज धरून द्याल काय?

हेमलता कंग्राळकर, सहकारी बँक, तिसरी खिडकी.
टोकन सव्वीस. टोकन सत्तावीस.
दिवसभरात बोलणं इतकंच,
आणि पैसे काढायच्या स्लिपांच्या मागं लिहिणं.
स्लिप वीतभर सुद्धा नाही,
कविता तेवढीच.

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ बँकेच्या शिपायाची खोली.
खिडक्यांना गाद्या, दाराला घोंगडं, एक माईक.
गेट पडलं की थांबायचं.
मालगाडी जाईपर्यंत बाई पाणी प्यायची,
ऑस्वाल्ड तारा पुसायचा.

कॅम्पातला ऑस्वाल्ड. मेसचा बँड मोडला तेव्हा
थकलेल्या पगाराऐवजी हा बास घरी आणलेला.
माणसाएवढा. रिक्षात मावेना,
म्हणून हातगाड्यावर आडवा घालून आणलो आम्ही,
वर चादर.
काँग्रेस रोडला दोघा-तिघांनी हात जोडले.

बसवराजचा ड्रम एकच, काठ्या नाहीत, तारेचे ब्रश.
परड्यात कुणी सुपात जोंधळे पाखडावेत
तेवढाच वाजायचा.
याला जॅझ म्हणतात, ऑस्वाल्ड बोलला.
असेल.
मला आठवलं, लाईट गेली की
शेजारच्या घरातलं हळू बोलणं
अचानक आपल्या घरात येतं.

        एक म्हातारा स्वतःची सही विसरला.
        त्याची सही मला येते.
        मी मान खाली घातलो.

हे तिसरं. हे तिनं गायलं की सांगितलं
मला अजून ठरवता येत नाही.
माझा हात सवयीनं बटणाकडं गेला, वाढवायला.
दुसऱ्या हातानं धरून ठेवलो.

सातवं एकाच ओळीचं.

        खिडकी लावून घरी जातो खरं

खरं तिनं ओढलं नाही, आळवलं नाही,
भरलेली कळशी ठेवावी तसं खाली ठेवलं.
बासचे दोन ठोके. बसूचा ब्रश वरच राहिला.
मग काही नाही.
तिचा श्वास, लांब कुठंतरी कुकरची अर्धी शिट्टी,
आणि मी, न खोकलेला.

पुण्याला पाठवलो साफ करायला.
तिथल्या पोराचा फोन:
काका, बाई आहेत ना? मग ‘जातो’ का?
आमच्यात बायका ‘जातो’च म्हणतात.
बरं. आणि ‘घरी जातो खरं’,
म्हणजे जाते हे खरं, वाक्य संपलं.
पुढची अकरा सेकंदं रिकामी आहेत, कापू?

संपलं नाही रे बाबा.
आमच्यात खरं म्हंजे पण.
घरी जातो, पण.
पण काय?

काय सांगणार?
फोन बसवराजकडं दिलो.
तो कानडी घरचा, घसा खाकरून म्हणाला,
सर, आमच्या कानडीतबी ‘खरे’ असंच टांगतंय.
तिथं थांबा की जरा.
आणि खरंच तिथं थांबला तो,
फोन हातात धरून, तिकडं पुण्याचा पोरगा पण,
बिल चढत होतं.

शंभर सीडी काढल्या. साठ माझ्या काउंटरखाली,
जुन्या मायक्रोफोनांच्या शेजारी.
एक जण घेऊन गेला आणि परत आला,
म्हणाला, सातवं बिघडलंय.
पैसे परत दिलो त्याचे.

काल बँकेत गेलो. टोकन एकेचाळीस.
मागं कुणी नव्हतं, म्हणून विचारलो,
बाई, त्या खरंच्या पुढं काय होतं?

तिनं स्पंजावर बोट ओलं केलं,
नोटा मोजली, परत एकदा मोजली.

पाचशेच्या देऊ काय, शंभरच्या?